मेलेलं पाकीट, जिवंत पाकीट

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. याच दिवसांत खरिपाची तयारी म्हणून तालुक्याच्या गावांतल्या कृषी सेवा केंद्रांत जिवाणू खतांचे आणि जैविक औषधांचे खोके येऊन पडतात. ट्रायकोडर्मा, ऱ्हायझोबियम, पीएसबी, सुडोमोनास. वर पत्रा, समोर तापलेला रस्ता, आत पंखा असला तर असतो. खोक्यावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं असतं. दुकानात थंड जागा एकच असते, ती म्हणजे फ्रीज. आणि त्यात पाण्याच्या बाटल्या असतात.

या पाकिटांत जिवंत जीव असतात. म्हणजे असायला हवेत. ते जिवंत असले तर शेतात काम करतात. मेलेले असले तर शेतकऱ्यानं पैसे मोजून नुसती भुकटी घेतलेली असते.

माझं सगळं भांडण इथंच आहे. रसायनांना पर्याय म्हणून जिवाणू आणि उपयोगी बुरशी वापरायच्या, हे शास्त्र पक्कं आहे, जुनं आहे आणि आपल्या जिल्ह्याला त्याची गरज टोकाची आहे. पण हा जिवंत माल आपण युरियाच्या गोणीसारखा ठेवतो, विकतो आणि वापरतो. तो मेला की दोष शास्त्राला देतो. 'जैविकला रिझल्ट नाही' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. जे मेलं होतं ते रिझल्ट कुठून देणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी अठ्ठावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची, काम सोलापुरातल्या घरून, आणि काकांची डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात. शेतीची पदवी माझ्याकडं नाही. पण एखादी व्यवस्था नेमकी कुठं बिघडते हे शोधणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि ही व्यवस्था कुठं बिघडली आहे ते शोधायला कृषी पदवी लागत नाही.

युरियाच्या आधीपासून

'जैविक' म्हटलं की आपल्या पिढीला ते नवं फॅड वाटतं. ऑरगॅनिक कॅफे, इन्स्टाग्राम, महागडा गूळ. आधी तारखा बघू.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्यांच्यातले जिवाणू ते पिकाला मिळवून देतात. हे जिवाणू डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८८८ मध्ये वेगळे काढले. पुढच्या आठ-दहा वर्षांत जर्मनीत 'नायट्राजिन' नावानं त्यांचं संवर्धक विकायलाही आलं. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीतल्या ओपाऊ इथं सुरू झाला तो १९१३ मध्ये. म्हणजे जिवाणूंचं पाकीट कारखान्यातल्या नत्रखताच्याही आधीचं आहे. भारतात ऱ्हायझोबियमवरच्या कामाची पहिली नोंद १९२० सालची आहे, एन. व्ही. जोशी यांच्या नावावर.

किडींवर बुरशी सोडायची कल्पनाही अशीच जुनी. मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये धान्यावरच्या भुंगेऱ्यांवर हिरव्या बुरशीचा प्रयोग केला. तीच बुरशी आज 'मेटारायझियम' म्हणून उसातल्या हुमणीसाठी विकली जाते.

आणि हे सगळं प्रयोगशाळेच्या काचेतच राहिलं असंही नाही. ब्राझीलनं सोयाबीनचं साम्राज्य उभं केलं ते बव्हंशी नत्रखताशिवाय, बियाण्याला जिवाणू लावून. योहाना डोबेरायनर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी तिथं हा आग्रह धरला आणि सरकारनं तो ऐकला. त्यांच्याच गटानं १९८८ मध्ये उसाच्या आत राहून नत्र पुरवणारा जिवाणू शोधला. आपल्याकडं तो 'ॲसेटोबॅक्टर' या नावानं ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उसासाठी शिफारसच आहे: १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी कालवायचं, बेणं अर्धा तास त्यात बुडवून लावायचं, आणि मग नत्राची मात्रा निम्म्यानं, स्फुरदाची पाव हिश्शानं कमी करायची.

निम्मा युरिया. राज्यात साखर कारखान्यांची सगळ्यात जास्त दाटी असलेल्या जिल्ह्यांत आपण राहतो. उसाच्या पट्ट्यात कुठल्याही गावात उभं राहून विचारा, बेणंप्रक्रिया करून युरिया निम्मा करणारे किती जण आहेत. हात वर येतील ते बोटांवर मोजून होतील. शिफारस विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहे, ऊस शिवारात आहे. दोघांची गाठ पडत नाही.

बागेवर कोणतं औषध चाललंय

आता डाळिंब. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावात आहे, २००५ पासून. आणि तरी गेल्या काही वर्षांत सांगोल्यात काय झालं ते तिथल्या कुणालाही विचारा. मर, तेल्या आणि खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा, या तिघांनी मिळून बागांच्या बागा उपटायला लावल्या. ज्या माळावर डाळिंबामुळं बंगले उभे राहिले, त्याच माळावर जेसीबीनं झाडं काढून बांधाला ढीग लावलेले लोकांनी पाहिले. आमच्या काकांची दोन एकर बाग होती. आता सव्वा एकर आहे.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. झान्थोमोनास गटातल्या जिवाणूमुळं होतो, भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीची. फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ तडकतं आणि माल मातीमोल होतो. त्यावर शेतकऱ्याच्या हाताशी काय होतं? बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोसायक्लिन. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. होय, माणसांना देतात तीच प्रतिजैविकं. दहा लिटर पाण्याला पाच ग्रॅम, आणि पाऊसपाणी बघून पुन्हा पुन्हा.

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्यानं ते मातीतल्या एका जिवाणूपासून वेगळं काढलं. क्षयरोगावर चाललेलं ते पहिलं प्रतिजैविक. लाखो माणसं त्यानं वाचवली. मातीतल्या जिवाणूनं दिलेलं हे हत्यार आपण बागेवर पंपानं उडवतो. ते फळावर पडतं, पानावर पडतं, खाली मातीत उतरतं. असं वारंवार झालं की औषधाला न जुमानणारे जिवाणू मागं उरतात आणि वाढतात. हे बागेत होतं तसं दवाखान्यातही होतं, आणि जिवाणूंना शिवाराची हद्द कळत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा वापर बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. मुद्दा बरोबर होता. पण ज्याच्या बागेत तेल्या शिरलाय त्या माणसानं उद्या सकाळी पंपात काय घालायचं, याचं उत्तर आदेश देत नाही. ते उत्तर जिवंत पाकिटानं द्यायला हवं होतं.

दुसरा धक्का बाहेरून बसतो. २०१० साली भारतातली द्राक्षं युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष, ज्याला आपल्याकडं सगळे 'सीसीसी' म्हणतात. बागायतदारांचे कोट्यवधी रुपये बुडाले. फळात किती अवशेष राहिला हे युरोपातली प्रयोगशाळा किलोमागं मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात मोजते. तोडणी जवळ आली की रासायनिक फवारणीला हात लावता येत नाही, आणि रोग-किडी मात्र तेव्हाच जोरात असतात. त्या शेवटच्या आठवड्यांत वापरता येण्यासारखं जे थोडकं आहे, त्यात सगळ्यात वर जैविक येतं. चांगलं जैविक ही निर्यातदाराची हौस नाही, त्याची गरज आहे.

न ओरडणारा बिघाड

आमच्या धंद्यात बिघाडाचे दोन प्रकार मानतात. एक ओरडतो: स्क्रीन लाल होते, फोन वाजतो, रात्री दोनला उठावं लागतं. दुसरा गप्प असतो. सगळं चालू दिसतं, आणि आकडे हळूहळू चुकत जातात. दुसरा जास्त घातक, कारण तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मेलेलं पाकीट हा दुसऱ्या प्रकारचा बिघाड आहे. जिवंत ट्रायकोडर्मा आणि मेलेला ट्रायकोडर्मा, रंग तोच, वास तोच, वजन तेच. ऱ्हायझोबियम मेलेला असला तरी बियाण्याला छान चिकटतो. पीक उगवतं. थोडं कमी येतं. ते पावसामुळं, बियाण्यामुळं की पाकिटामुळं, कुणाला सांगता येत नाही. तक्रार होत नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही.

कायदा नाही असं नाही. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. भुकटीतल्या जिवाणू खतात दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली येतो, त्यात दर ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत. आकडे कागदावर चोख आहेत. पण हा आकडा कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना मोजला जातो, शेतकऱ्याच्या हातात पडताना नाही. मधल्या प्रवासात टेम्पो आहे, गोदाम आहे, पत्रा आहे, मे महिना आहे. पारा चाळिशीच्या वर गेला की बहुतेक उपयोगी जिवाणूंची संख्या झपाट्यानं घसरते. भुकटीतल्या जिवाणू खताचं आयुष्य जेमतेम सहा महिने, तेही सावलीत.

काकांसोबत एकदा एका दुकानात गेलो होतो. पाकीट हातात घेऊन तारीख बघितली, मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली. मी दुकानदाराला विचारलं, 'दादा, हे जिवंत असंल का अजून?' तो माझ्याकडं बघून हसला. 'अहो सर, पावडर हाय ती. जिवंत कशी असंल?'

तो फसवत नव्हता. त्याला खरंच तसंच वाटत होतं, आणि मला तेच जास्त भयानक वाटलं. ज्याच्या हातातून हा माल जातो त्यालाच तो जिवंत आहे हे कुणी सांगितलेलं नाही. त्याला सांगितलंय ते मार्जिन, स्कीम आणि टार्गेट.

यात वापरातला घोळही मिळवा. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. आज ट्रायकोडर्माची आळवणी केली आणि चार दिवसांनी बुरशीनाशकाची, तर आपणच लावलेली बुरशी आपणच मारली. सुडोमोनास आणि बॅसिलस हे जिवाणू आहेत. त्यांच्या मागोमाग तांबं किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन गेलं तर तेही मेले. अनेक बागांचं फवारणीचं वेळापत्रक एकच माणूस लिहून देतो, आणि त्यात दोन्ही औषधं शेजारीशेजारी असतात. दोन्हींचं बिल होतं. काम एकाचंच होतं.

दोन बाजूंचे भक्त

आता शिव्या खायची तयारी ठेवून पुढचं लिहितो.

या वादात दोन तट आहेत. एका बाजूला रसायनवाले. त्यांचं म्हणणं, हरितक्रांती नसती तर तुम्ही उपाशी मेला असता. हे खरंय, आणि मी ते नाकारत नाही. पण सत्तरच्या दशकातल्या उपकाराच्या बदल्यात २०२० च्या दशकातली चुनखडीची, सेंद्रिय कर्ब तळाला गेलेली जमीन गप्प बसून बघत राहा, असं त्यातून निघत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी जमिनींचा सामू आठच्या पुढे आहे. घातलेलं स्फुरद अशा चुन्याच्या जमिनीत अडकून बसतं. डीएपीची आणखी एक गोणी टाकली की तेही अडकतं. ते सोडवायचं काम स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, स्वस्तात करतात. जमिनीत आधीच पुरलेले पैसे बाहेर काढण्याचा तो मार्ग आहे.

दुसऱ्या बाजूला शेणगुळाचे भक्त. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती: झालं जीवामृत, आता विद्यापीठं बंद करा. जीवामृतानं जमिनीत हालचाल वाढते हे शक्य आहे, अनेक शेतकऱ्यांचा तसा अनुभवही आहे. माझा आक्षेप पिंपाला नाही, मोजायला नकार देण्याला आहे. या पिंपात कोणते जीव आहेत, किती आहेत, मागच्या पिंपात होते तेच आहेत का, हे विचारलं की लगेच श्रद्धेचा विषय होतो. तेल्याला श्रद्धा कळत नाही.

श्रद्धेवर शेती चालवली की काय होतं ते श्रीलंकेनं दाखवलं. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात घटला, चहा घटला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय फिरवावा लागला. तिथं जिवाणू हरले असं म्हणणं चुकीचं आहे. पर्याय तयार नसताना जुनी व्यवस्था उखडली, म्हणून शेतकरी हरला.

दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत आहे: पाकिटात किती जिवंत आहेत हे दोघंही मोजत नाहीत. एकाला मोजायचं नाही कारण त्याचा माल दुसरा आहे. दुसऱ्याला मोजायचं नाही कारण मोजलं की महात्म्य कमी होईल.

दुधाला जमतं ते याला का जमू नये

'खेड्यात एवढी शिस्त कशी लागणार, थंड साखळी कशी परवडणार' असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांना मी एकच प्रश्न विचारतो. सकाळी सहा वाजता गावातल्या डेअरीवर कधी गेलायत का?

दूध हा महाराष्ट्रातल्या खेड्यांतला सगळ्यात नाजूक माल. चार तास उन्हात ठेवा, नासलं. पण तेच दूध दिवसातून दोनदा वाड्या-वस्त्यांवरून गोळा होतं, त्याचं फॅट लागतं, एसएनएफ लागतं, ३.५ आणि ८.५ हे आकडे शाळा न शिकलेल्या आजीलासुद्धा पाठ असतात. हातात चिठ्ठी पडते. फॅट कमी लागलं तर आजी तिथंच भांडते. मग कूलर, टँकर, संघ. हे सगळं आपणच उभं केलंय, याच मातीत, याच उन्हात.

कारण सोपं आहे. दूध मेलं की वास येतो. जिवाणू मेले की वास येत नाही. म्हणून दुधाला शिस्त लागली आणि जिवाणूंना लागली नाही. तो वास आता आपल्याला कृत्रिमपणे तयार करावा लागेल.

कसा, ते सांगतो.

एक, प्रत्येक बॅचची जिवंत संख्या त्रयस्थ प्रयोगशाळेनं मोजावी, आणि ती कारखान्यातून नव्हे, दुकानातून उचललेल्या पाकिटावर मोजावी. त्याला काही अवकाशयान लागत नाही. नमुना पाण्यात पातळ करत न्यायचा, बशीत वाढवायचा, तीन-चार दिवसांनी ठिपके मोजायचे. सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर हे कॉलेजातच शिकतात, आणि पदवी घेऊन पुण्याला जागा शोधत फिरतात.

दोन, हा निकाल पाकिटावरच्या क्यूआर कोडमागं उघडा ठेवावा. बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख, दुकानात मोजलेली संख्या. हे ॲप बनवायला किती दिवस लागतात ते मला विचारा, मी त्यातलाच आहे. आपण दहा मिनिटांत किराणा घरी आणणारी ॲप्स लिहिली. पाकिटावरची एक संख्या दाखवता येत नाही, असं म्हणणं हा आमच्या धंद्याचा अपमान आहे.

तीन, माल जवळ तयार व्हावा आणि ताजा विकला जावा. सहा महिन्यांचं आयुष्य असलेली वस्तू दुसऱ्या राज्यातून तीन गोदामं फिरून कशाला यावी? कृषी विज्ञान केंद्रं आहेत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. तालुक्याला एक छोटी प्रयोगशाळा, पेरणीच्या आधी पंधरा दिवस मागणी नोंदवायची, पेरणीच्या आठवड्यात ताजं पाकीट न्यायचं. पोळीभाजी केंद्राचं गणित यापेक्षा अवघड असतं.

चार, आपल्या मातीतले जीव आपल्या मातीसाठी शोधावेत. केगावच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 'पेनिसिलियम पिनोफिलम' या बुरशीचा डाळिंबाला अन्नद्रव्यं मिळवून देण्यासाठी अभ्यास केला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्धही केला. आपल्या गावाच्या वेशीवर असं काम होतं आणि आपल्याला नाव माहीत असतं ते परदेशी टॉनिकच्या बाटलीचं.

पैशाचा प्रश्न

'हे सगळं ठीक, पण शेतकरी स्वस्त ते घेतो.' बरोबर. मग स्वस्त काय आहे ते कोण ठरवतं?

४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला साधारण २६६ रुपयांना मिळते. तिची खरी किंमत याच्या कित्येक पट आहे, फरक सरकार भरतं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जातो. युरिया स्वस्त असावा याला माझा विरोध नाही, लहान शेतकऱ्याला तो आधार आहे. पण ज्या खिशातून युरियाच्या गोणीला एवढे पैसे जातात, त्याच खिशातून जिवाणूंच्या पाकिटाची साधी तपासणी होत नाही. निम्मा युरिया वाचवू शकणाऱ्या वस्तूची मोजणी करायला पैसे नाहीत आणि तो युरिया विकत घेऊन देायला आहेत, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

दुकानदाराचंही गणित समजून घ्या. महागड्या कीटकनाशकाच्या एका बाटलीवर त्याला जे सुटतं, ते ऱ्हायझोबियमच्या ढीगभर पाकिटांवर सुटत नाही. वर फ्रीजचं वीजबिल. तो जिवंत माल कशाला सांभाळेल? त्याला सांभाळणं परवडेल अशी व्यवस्था करायची की त्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहायचं, हा धोरणाचा प्रश्न आहे. नुसत्या जनजागृतीच्या पोस्टरनं तो सुटत नाही.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की जिवाणू जादू करत नाहीत. झाड मरानं निम्मं वाळल्यावर ट्रायकोडर्मा ओतून ते उठत नाही. हे आधी करायचं काम आहे, खड्डा भरताना, शेणखतात मुरवून, दरवर्षी. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर सोडलेले जीव उपाशी मरतात, पाकीट कितीही ताजं असो. काही रोगांत, काही वर्षांत रासायनिक औषध लागेलच. सगळं विष एका रात्रीत बंद करा असं मी म्हणत नाही. पहिला हात जिवंत गोष्टीचा असावा आणि शेवटचा रसायनाचा, आज ते बरोबर उलटं आहे, एवढंच म्हणतो.

तुमच्या हातात काय आहे

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे आहेत. नोकरी शहरात, सातबारा गावात. घरी पैसे पाठवतो, सुट्टीला जातो, बांधावर फोटो काढतो. या वेळी गेलात की पाच मिनिटं घरातल्या औषधाच्या खोलीत घालवा. जिवाणूंचं पाकीट सापडलं तर तयार झाल्याची तारीख बघा, मुदत बघा, जिवंत संख्या छापली आहे का बघा, आणि ते कुठं ठेवलंय ते बघा. मग ज्या दुकानातून आणलं तिथं जाऊन हेच चार प्रश्न मोठ्यानं विचारा, चार गिऱ्हाइकं ऐकतील असे.

पेरणीला घरी असाल तर बियाण्याला रासायनिक औषध आधी, ते सुकल्यावर जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि सगळं सावलीत. तुरीच्या दोन ओळी मुद्दाम जिवाणू न लावता सोडा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची चार-चार रोपं खुरप्यानं मातीसकट काढा, ओढू नका, गाठी तुटतात. मुळं पाण्यात हलकी धुवा, गाठी मोजा. मग एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर जिवाणू कामावर आहेत. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊच. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर काम बंद आहे. आणि जिवाणू लावलेल्या ओळींत न लावलेल्या ओळींपेक्षा काहीच फरक दिसला नाही, तर त्या पाकिटाबद्दल दुकानात जाऊन बोलायला तुमच्याकडं पुरावा आहे. फोटो काढा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं बॅच नंबर टाकून लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

डेअरीवरची आजी फॅटसाठी भांडते म्हणून दूध शुद्ध राहतं. जिवाणूंसाठी भांडणारं अजून कुणी नाही. ज्या दिवशी जिल्ह्यातल्या शंभर गावांतून अशी शंभर पत्रं जातील, त्या दिवशी कुणाला तरी पाकीट सावलीत ठेवावंच लागेल.